जेल रोडचा हरवलेला वॉर्ड

२०२५ च्या पावसाळ्यात नाशिक महापालिका निवडणुकीसाठी प्रारूप प्रभागरचनेचे, म्हणजे वॉर्डांच्या नव्या सीमांचे, नकाशे लागले, त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये अण्णांनी सहज विचारलं, "आपला वॉर्ड नंबर कितवा हो?" चौघांनी चार आकडे सांगितले. थोडी हमरीतुमरीही झाली. घरी येऊन जुन्या मतदार-चिठ्ठ्या काढल्या तेव्हा कळलं की चौघांचंही बरोबर होतं. एकाला २००७ चा नंबर पाठ होता, दुसऱ्याला २०१२ चा, तिसऱ्याला २०१७ चा. चौथा होता तो २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आणि प्रत्यक्षात एकदाही मतदान न झालेल्या रचनेतला.

गल्ली तीच, घरं तीच. मतदान केंद्र एकदा सोडलं तर शाळाही तीच. वॉर्ड मात्र दर वेळी वेगळा.

मी प्रेसमधून निवृत्त झालो. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही, नोटा आणि स्टॅम्प छापणारा सरकारी छापखानाच येतो. आकडे जुळवण्याची सवय तिथलीच. एक नोट कमी भरली तर पाळी सुटायची नाही, अशा ठिकाणी आयुष्य गेलं. म्हणून मनात आलं, आमच्या एका वॉर्डाचा निवडणूक इतिहास लिहून काढावा: २००७ साली होता तो एकसदस्यीय वॉर्ड, नाशिकरोडच्या जेल रोडच्या एका बाजूचा, मागच्या नाल्यापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा. निवडून आलेल्यांची आणि पडलेल्यांची नावं लिहीत नाही. गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक आहेत आणि नावं आली की चर्चा वॉर्डावरून माणसांच्या जातीपातीवर आणि सोयरिकीवर घसरते. मला शोध होता तो वॉर्डाचा.

त्याच्या आधी

हा भाग मुळात नाशिक शहराचा नव्हताच. नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती, सातपूरची वेगळी, नाशिकची तर १८६४ पासूनची. ७ नोव्हेंबर १९८२ ला या तिन्ही नगरपालिका आणि आसपासची वीसहून जास्त खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. दसक, पंचक, चेहेडी, विहितगाव ही गावं त्या दिवशी शहरात आली. देवळाली कॅम्पाचं कॅन्टोन्मेंट बोर्ड तेवढं बाहेर राहिलं, ते आजही वेगळं आहे. म्हणून बाहेरगावच्या पाहुण्याला 'देवळाली' नेमकी कोणती हे सांगताना आमची अजून त्रेधा उडते: देवळाली गाव महापालिकेत, देवळाली कॅम्प लष्कराच्या बोर्डात आणि देवळाली विधानसभा मतदारसंघ या दोन्हींहून निराळा.

महापालिका झाली म्हणजे नगरसेवक आले, असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. पहिली निवडणूक १९९२ मध्ये. मधली जवळपास दहा वर्षं प्रशासक. म्हणजे ज्या नाशिकरोडकरांनी स्वतःच्या नगरपालिकेसाठी मतदान केलं होतं, त्यांची नगरपालिका गेली आणि तिच्या जागी आलेल्या संस्थेत त्यांचा माणूस बसायला एक दशक गेलं. आमच्या भागात 'नाशिकवाले' आणि 'आम्ही' हा जो सूर अजून ऐकू येतो, त्याची मुळं नाशिकरोड स्टेशन ते नाशिकातलं शालिमार या आठ-नऊ किलोमीटरांपेक्षा त्या दहा वर्षांत जास्त आहेत, असं माझं मत आहे. सावत्रपणाची तक्रार नाशिकरोडला नवी नाही. पण तक्रार कुणाकडे करायची, हाच प्रश्न दहा वर्षं लोंबकळत होता.

१९९२ मध्ये शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले. १९९२ आणि १९९७ या दोन्ही निवडणुका एका वॉर्डाला एक नगरसेवक या पद्धतीने झाल्या. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. मी तेव्हा पाळ्या करायचो. मतदान करून आलो की झोपायचो.

वॉर्ड किती मोठा?

इतिहास लिहायला बसलो तेव्हा पहिली अडचण आली ती निकालांची तुलना करताना. २००२ मध्ये एखाद्या पक्षाला इतकी मतं, २००७ मध्ये इतकी, असं लिहायला गेलो की लक्षात यायचं, आपण शेर आणि किलो एकाच तराजूत टाकतोय. मग मी मतं बाजूला ठेवली आणि आधी माप काढलं.

महापालिकेत किती सदस्य असावेत हे कायद्यात लोकसंख्येवरून ठरलेलं आहे. सहा ते बारा लाखांच्या शहराला ८५ सदस्य आणि सहा लाखांवरच्या प्रत्येक वीस हजारांमागे एक. बारा ते चोवीस लाखांच्या शहराला ११५ आणि बारा लाखांवरच्या प्रत्येक चाळीस हजारांमागे एक. २००१ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १०,७७,२३६ होती. सहा लाखांवर ४,७७,२३६ उरले, त्यात वीस हजारांचे २३ भाग पूर्ण होतात. ८५ अधिक २३, म्हणजे १०८. २०११ मध्ये लोकसंख्या १४,८६,०५३. बारा लाखांवर चाळीस हजारांचे सात भाग. ११५ अधिक सात, म्हणजे १२२. आकडा चोख जुळला तेव्हा, खरं सांगतो, पाळी सुटल्याचा आनंद झाला.

आता हे १०८ किंवा १२२ सदस्य किती तुकड्यांतून निवडायचे, हे सरकार ठरवतं आणि खेळ तिथेच आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा एक प्रभाग: ३६ प्रभाग, एकेकात सरासरी तीस हजार लोक. २००७ मध्ये एक सदस्य, एक वॉर्ड: १०८ वॉर्ड, एकेकात दहा हजारांना जेमतेम कमी. २०१२ मध्ये दोन सदस्य: ६१ प्रभाग, सरासरी साडेचोवीस हजारांच्या आत. २०१७ मध्ये चार सदस्य: २९ प्रभाग चौघांचे, दोन तिघांचे, मिळून ३१. चौघांच्या प्रभागात सरासरी पावणेएकोणपन्नास हजार लोक.

मुंबईत हा प्रकार नाही. तिथे एक वॉर्ड, एक नगरसेवक ही पद्धत कायम राहिली. बाकीच्या महापालिका मात्र दर पाच वर्षांनी सरकारच्या मनात येईल तशा शिवल्या आणि उसवल्या गेल्या. दोष एकाच पक्षावर ढकलायचा तर तेही जमत नाही. तीन सदस्यांची पद्धत आली तेव्हा मुख्यमंत्री विलासराव देशमुख होते आणि ती मोडून एक सदस्याची आणली तेव्हाही तेच होते. दोन सदस्यांची आणली ती त्याच काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने, पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना. चार सदस्यांची देवेंद्र फडणवीसांच्या सरकारने. मग महाविकास आघाडीने २०१९ च्या अखेरीस पुन्हा एकाची, आणि २०२१ मध्ये स्वतःचाच निर्णय बदलून तिघांची. २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने ते फिरवून पुन्हा चौघांची.

२००७: वॉर्ड जन्मला

फेब्रुवारी २००७ ची निवडणूक गल्लीत अजून आठवणीने सांगितली जाते. दहा हजार लोकवस्तीचा वॉर्ड. समजा साडेसहा हजार मतदार, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त बाहेर पडले. लढत चौरंगी झाली तर हजार-बाराशे मतांवर माणूस निवडून येतो. हा माझा अंदाज आहे, पण प्रचार त्याच हिशेबाने चालला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं. उमेदवार घरी तीन-तीनदा आले. एकाने तर आमच्या शेजारच्या आजींच्या गुडघ्याची चौकशी नावानिशी केली, डावा की उजवा यासकट.

अपक्षांनाही तेव्हा वाव होता. पाच-सहाशे मतं खाणारा अपक्ष निकाल फिरवू शकायचा. त्यामुळे त्याला बसवण्यासाठी अर्ज माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत काय काय चालायचं ते न लिहिलेलं बरं. छोटा वॉर्ड म्हणजे स्वच्छ वॉर्ड, असं मी म्हणणार नाही. छोट्या वॉर्डात मतं विकत घ्यायला पैसा पुरतो, हे मोठ्या प्रभागाची बाजू घेणारे सांगतात. ते खोटं नाही. शिवाय निवडून आलेले साहेब स्वतःच्या गल्लीत आधी डांबर आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत शेवटी, हा क्रम आम्ही पाच वर्षं पाहिला. पण त्या वस्तीतल्या बायका एकदा हंडे घेऊन थेट त्यांच्या दारात बसल्या, हेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला. कुणाच्या दारात बसायचं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्या पाच वर्षांत महापौरपद आधी विनायक पांडे आणि २००९ पासून नयना घोलप यांच्याकडे होतं. देवळालीचे त्या वेळचे आमदार बबनराव घोलप यांच्या त्या कन्या. नाशिकरोडला तेव्हा जरा बरे दिवस आल्यासारखं वाटलं होतं.

२०१२: वॉर्ड कापला

२०११ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं आणि प्रभाग दोन सदस्यांचे झाले. दोघांपैकी एक जागा महिलेची, हिशेब सोपा.

आमचा २००७ चा वॉर्ड या रचनेत दोन तुकडे होऊन दोन प्रभागांत गेला. प्रभागाच्या सीमा जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे एकेका प्रगणकाला मोजायला दिलेले घरांचे गट, जोडून आखतात. गट मोडायचा नाही, सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक पडू द्यायचा नाही, रस्ता, नाला, रेल्वे अशा ठळक खुणा धरायच्या, असे नियम आहेत. नियम वाचायला चांगले आहेत. आमच्याकडे ठळक खूण निघाली ती आमचाच कॉलनी रोड. उत्तरेकडची घरं एका प्रभागात, दक्षिणेकडची दुसऱ्या. समोरासमोरच्या दोन घरांत राहणाऱ्या सख्ख्या जावांना वेगवेगळे नगरसेवक मिळाले. पुढे रस्त्याचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराने उत्तरेकडची अर्धी रुंदी केली आणि मधोमध थांबला. बाकीचं काम पलीकडच्या प्रभागाच्या यादीत होतं आणि ती यादी यायला आणखी दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात रस्त्याच्या मध्यभागी चार बोटांची पायरी होती. रात्री परतणारे मोटरसायकलवाले तिला 'बॉर्डर' म्हणायचे.

शहरात मात्र त्या निवडणुकीने मोठीच उलथापालथ केली. १६ फेब्रुवारी २०१२ ला मतदान झालं आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला ४० जागा मिळाल्या. राष्ट्रवादी २०, शिवसेना १९, काँग्रेस १५, भाजप १४. भाजपच्या पाठिंब्यावर मनसेचे यतीन वाघ महापौर झाले. नव्या पक्षाला दोन सदस्यांच्या प्रभागाचा फायदा झाला असं मला वाटतं. प्रत्येक प्रभागात दोनच माणसं शोधायची होती आणि लाट आली की दोघं जोडीने तरायची. चौघांचं पॅनल उभं करायची ताकद त्या पक्षाकडे तेव्हा असती का, शंकाच आहे. पुढच्या पाच वर्षांत त्यांचे बरेच नगरसेवक गेले. २०१७ मध्ये आकडा पाचवर आला.

२०१२ चा निकाल आमच्या जुन्या वॉर्डात काय लागला, असं कुणी विचारलं तर उत्तरच नाही. तो वॉर्ड दोन निकालांत विभागला होता. केंद्रनिहाय मतं काढून, उत्तरेकडची केंद्रं अधिक दक्षिणेकडची केंद्रं अशी बेरीज करून पाहिली. तीही अर्धवटच निघाली, कारण एका केंद्रावर पलीकडच्या सोसायट्यांचे मतदार जोडले होते. तिथेच मी वहीत 'इतिहास' हा शब्द खोडून 'तपास' लिहिला.

२०१७: चार बटणं

आता या प्रकरणाचा गाभा.

२१ फेब्रुवारी २०१७ ला मतदान झालं. नाशिकरोड विभागात १७ ते २२ असे सहा प्रभाग आले. त्यातला १९, चेहेडीकडचा, तिघांचा आणि बाकीचे चौघांचे: एकूण २३ नगरसेवक. मतदाराला चार मतं: अ, ब, क, ड. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. चारही बटणं दाबल्याशिवाय मशीनचा लांब आवाज यायचा नाही. आमच्या आई दोन बटणं दाबून बाहेर निघाल्या होत्या. मतदान अधिकाऱ्याने हाक मारली, "आजी, अजून दोन राहिली." त्या म्हणाल्या, "मला दोघंच पसंत आहेत." अधिकारी बिचारा समजावत राहिला की नको असेल तर शेवटचं 'वरीलपैकी नाही' दाबा, पण दाबा. मागे रांग खोळंबली होती.

शहरात सुमारे पावणेअकरा लाख मतदार होते. ३१ ने भागलं की एका प्रभागात चौतीस-पस्तीस हजार. यात दारोदार फिरणं कुणाच्या आवाक्यात नसतं. २००७ मध्ये तीनदा घरी येणारे त्या वेळी एकदाच आले, तेही रिक्षावरच्या भोंग्यातून. हजार-बाराशे मतांवर निकाल लागायचा तिथे आता आठ-नऊ हजारांची गरज. अपक्ष जवळपास संपले. चौघांचं पॅनल, एक चिन्ह, एक जाहीरनामा. "वरून खालपर्यंत एकच बटण" हा प्रचार. भाजपला ६६ जागा मिळून बहुमत आलं, शिवसेना ३५, काँग्रेस आणि राष्ट्रवादी प्रत्येकी सहा, मनसे पाच. रंजना भानसी महापौर झाल्या, २०१९ मध्ये सतीश कुलकर्णी.

चार सदस्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद मला पटतो, तो लिहिलाच पाहिजे. आरक्षणाची सोडत कालिदास कलामंदिरात निघते, शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढतात आणि एकसदस्यीय पद्धतीत त्या चिठ्ठीवर अख्ख्या वॉर्डाचं नशीब पालटतं. पाच वर्षं राबलेल्या माणसाचा वॉर्ड महिलेसाठी राखीव झाला की तो एकतर बायकोला उभं करतो किंवा शेजारच्या वॉर्डात घुसून तिथल्याशी भांडतो. चौघांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतातच. २०१७ मध्ये शहरभर अनुसूचित जातींच्या १८, जमातींच्या नऊ, इतर मागासवर्गाच्या ३३ जागा कुठेतरी अ, ब, क मध्ये बसल्या आणि बहुतेक ठिकाणी ड खुला राहिला. कुणी साफ बेघर होत नाही. काही बायका तर, मी पाहिलंय, पतीच्या सावलीतून निघून स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिल्या. शेजारच्या जागेवर पतीचा मित्र असला की तुलना होतेच.

पण निवडून आल्यावर जे घडलं त्याने माझा तपास पुरा फिरवला. निकालानंतर महिनाभरात अर्ज घेऊन मी 'ब' जागेवरच्या ताईंकडे गेलो. विषय नाल्याच्या कठड्याचा. त्या चांगल्या बोलल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "काका, तो एरिया माझ्याकडे नाही. तुमच्याकडे क वाले भाऊ बघतात." मी म्हटलं, "पण मी तर तुम्हाला मत दिलं." त्या हसल्या. "मत सगळ्यांनी सगळ्यांना दिलंय हो. कामं वाटून घेतलीत."

वाटून घेतली होती. चौघांनी पन्नास हजार वस्तीच्या प्रभागाचे चार भाग केले होते. प्रत्येकाने आपला पाव भाग सांभाळायचा. दुसऱ्याच्या भागात नारळ फोडायचा नाही, फलकावर मात्र चौघांचेही फोटो. हे काही आमच्याच प्रभागात झालं नाही. सिडकोत राहणाऱ्या मेव्हण्याला विचारलं, पंचवटीतल्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं, तिथेही हेच. प्रशासनालाही ते सोयीचं पडतं: गटारीचा फोन आला की कुणाला कळवायचं ते कनिष्ठ अभियंत्याला माहीत असतं. कायद्याच्या पुस्तकात या वाटणीचा उल्लेख नाही. नकाशा कुठेही छापलेला नाही. पण गल्लीतल्या चौथीतल्या पोरालाही आपला नगरसेवक कोणता हे ठाऊक असतं.

त्या रात्री मी २००७ ची सीमा आणि २०१७ ची ही तोंडी वाटणी एका कागदावर काढली. नाला ते मुख्य रस्ता. आमचा जुना वॉर्ड जसाच्या तसा, फक्त एका सोसायटीचा फरक. तो नष्ट झालाच नव्हता. निवडणुकीच्या नकाशातून उठून तो नगरसेवकांच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसला होता.

यात मतदाराचं नेमकं काय गेलं, ते मांडतो. 'क' वाल्या भाऊंनी आमच्या भागाकडे पाच वर्षं पाठ फिरवली, असं समजा. २००७ च्या मापात त्यांना धडा शिकवायला दहा हजारांच्या वॉर्डातले नाराज लोक पुरेसे होते. आता आमचे दहा-बारा हजार एकमुखाने विरोधात गेले तरी बाकीच्या तीन भागांतले छत्तीस-सदतीस हजार लोक त्यांना ओळखतच नाहीत. ते पॅनलला मत देतात. ज्यांची कामं भाऊ करतात त्यांच्या हातात त्यांचं भवितव्य नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांची कामं ते करत नाहीत. उलटही खरं: भाऊंनी रात्रंदिवस राबून आमचा भाग चकाचक केला आणि पक्षाचं वारं फिरलं, तर आमची मतं त्यांना वाचवू शकणार नाहीत. चांगल्या नगरसेवकाचंही यात नुकसानच आहे. सेवेची हद्द एक आणि मतांची हद्द दुसरी, असा कारभार मी दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीत पाहिलेला नाही. आमदाराचा मतदारसंघ मोठा असतो, पण तो त्या सगळ्याचा असतो.

पोटनिवडणुकीत हे आणखी उघडं पडतं. सरोज अहिरे नाशिकरोडच्या भाजपच्या नगरसेविका होत्या. पद सोडून २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून देवळालीच्या आमदार झाल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या रिकाम्या जागेसाठी मतदान झालं. जागा एक, पण मत द्यायला अख्खा प्रभाग. आधीचे तिघं जागेवर बसलेले. मतदार केंद्रात गेला तर मशीनवर एकच मतपत्रिका, आणि निम्म्या लोकांना प्रश्न: "बाकीची तीन बटणं कुठं गेली?"

पुढचं थोडक्यात

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुन्हा प्रशासक आले. त्या काळातला घोळ सविस्तर लिहायचा तर स्वतंत्र लेख लागेल. महाविकास आघाडीने सदस्यसंख्येचं सूत्रच बदललं, पायाभूत ११५ चे १२६ केले, त्यामुळे नाशिकचे १३३ झाले: तिघांचे ४३ प्रभाग आणि चौघांचा एक, मिळून ४४. आमच्या चौथ्या शेजाऱ्याचा नंबर याच रचनेतला. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात, त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल, सरकार बदललं, ऑगस्ट २०२२ मध्ये रचना रद्द. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, मग मुदतवाढ, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान. पुन्हा १२२ सदस्य, पुन्हा ३१ प्रभाग, पुन्हा चार बटणं. भाजप परत बहुमतात आला. महापालिकेच्या त्रेचाळीस वर्षांतली तेरा वर्षं निवडून आलेल्या माणसांविना गेली, एवढं मात्र वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

एक गोष्ट आकड्यांच्या माणसाला टोचते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०२६ चे १२२ सदस्यही २०११ च्या लोकसंख्येवरच उभे आहेत. या वेळी मतदारच साडेतेरा लाखांवर होते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी लहान मुलांसकट अख्खं शहर जेवढं होतं, त्याच्या जवळपास आज नुसते मतदार. वाढ सगळीकडे सारखी झालेली नाही. जुन्या नाशकात वाडे रिकामे झाले, आणि दसक-पंचकच्या मळ्यांवर, पाथर्डी फाट्याकडे, मखमलाबादकडे टॉवर उभे राहिले. कागदावर पावणेएकोणपन्नास हजारांचा प्रभाग उपनगरात प्रत्यक्षात किती मोठा झालाय ते सकाळी जेल रोडवर दूधवाल्याच्या गाडीमागे अडकलं की कळतं. सदस्य मात्र चारच.

अण्णांना मी वही वाचायला दिली. त्यांनी दोन दिवसांनी परत केली आणि म्हणाले, "एवढं लिहिलंस, पण वॉर्ड नंबर कितवा ते लिहिलंच नाहीस."

फेब्रुवारीत नवे चौघं सत्काराला सोसायटीत आले. हार, शाल, पेढे. निघताना त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, नाल्यापासून मेन रोडपर्यंत आता मी बघणार. काही असलं की मला फोन करा, बाकीच्यांना नको."

मी त्यांचा नंबर घेतला आणि वहीत २००७ च्या पानावर लिहून ठेवला.